काटा कधी चढतो

पोलादपूर सोडलं की पहिले काही किलोमीटर आमची जीप अगदी शांत चालते, तापमानाचा काटा मधोमध, इंजिनाचा आवाज एकसुरी, आणि मग आंबेनळी घाट खरा सुरू होतो. मे २०२३ मधली गोष्ट सांगते. मामाच्या मुलीचं लग्न उरकून आम्ही वाईला परत निघालो होतो, गाडीत मी, अण्णा, आई आणि धाकटा भाऊ, मागे रायवळ आंब्यांच्या दोन पाट्या आणि एक फणस. दुपारचे अडीच. तिसऱ्या गिअरमध्ये चढ धरला आणि सातव्या-आठव्या वळणाला काटा हलला, आधी थोडा, मग एखाद्याने बोटाने ढकलावा तसा सरळ लालपट्टीकडे. मी पोटात गोळा आल्यासारखी गाडी कडेला घेतली, रुंद जागा बघून, आणि चावीकडे हात नेला तर अण्णा म्हणाले, "बंद नको करू. चालू राहू दे, रेस नको देऊ."

चार मिनिटांत काटा परत मधोमध. पाणी बाहेर आलं नाही, वाफ नाही, वास नाही. निघालो, परत तेच. प्रतापगडच्या फाट्यापर्यंत आम्ही तीन वेळा थांबलो.

इथे एक सांगायला हवं, गाडी तापल्यावर इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण उत्तर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावर आहे. पाणी आत असेल तर चालू ठेवलेलं बरं, कारण पंप फिरतो, पंखा फिरतो, हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागातली, उष्णता बाहेर येत राहते. एकदम बंद केलं तर पाणी जिथल्या तिथे थांबतं आणि हेडच्या आसपास उकळतं. पण बॉनेटमधून वाफ येतेय, खाली पाणी सांडलंय, असं असेल तर ताबडतोब बंद, कारण फिरवायला पाणीच उरलेलं नसतं. आणि दोन्ही वेळेला रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, निदान अर्धा तास तरी. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उकळून तोंडावर येतं. अण्णांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा डाग आहे, तो मी लहानपणापासून बघत आलेय.

अण्णा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. घाट त्यांच्या अंगात आहे.

आमची जीप म्हणजे १९९४ ची महिंद्राची एमएम ५४०, फोर बाय फोर, २०१६ साली सेकंडहँड घेतलेली. तिच्यात एक्सडीपी ४.९० इंजिन आहे, लोक ज्याला नुसतं प्यूजो म्हणतात. प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने ही इंजिनं आपल्या इगतपुरीच्या कारखान्यात बनवली, म्हणजे कसारा घाट चढून आलं की लगेच, घाटाच्या डोक्यावरच. मला ही गोष्ट फार आवडते. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून ४.९०, आणि एकूण २११२ सीसी. ताकद ६० हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या छोट्या कारएवढीसुद्धा नाही, पण ती ताकद खालच्या आरपीएमलाच मिळते म्हणून चिखलात, दगडात, ओढ्यात ही गाडी अडत नाही.

या जुन्या इंजिनांची एक खासियत तापण्याच्या बाबतीत लक्षात घ्यावी लागते. आजच्या डिझेलमध्ये इंधन थेट पिस्टनच्या वर फवारलं जातं. आमच्या इंजिनात ते आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं. आवाज मऊ येतो, पण हेड जास्त तापतं आणि तेवढी जास्त उष्णता पाण्याला उचलून न्यावी लागते. डिझेल जळून जेवढी ऊर्जा मिळते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली पाण्यात. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटरमध्ये आपण जवळपास १३०० मीटर वर चढतो, चार माणसं आणि दोन पाट्या आंबे घेऊन, ताशी पंचवीस-तीसच्या वेगाने. म्हणजे इंजिन पूर्ण जोरात आणि समोरून वारा जवळजवळ शून्य. सपाट रस्त्यावर वर्षभर लपून राहिलेला दोष घाटात उघडा पडतो तो यामुळे.

आता या जीपवर मी आधीच काय काय काम करून घेतलं होतं ते सांगते. आदल्या वर्षी ती पसरणी घाटात पहिल्यांदा तापली तेव्हा रेडिएटर काढून रॉडिंग करून घेतलं होतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, वरची टाकी उघडली तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर, चहाच्या किटलीत जमतो तसा, अर्ध्याहून जास्त नळ्या बंद. सळई घालून सगळ्या मोकळ्या केल्या. त्याच वेळी दोन्ही होज पाईप, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या वरच्या-खालच्या रबरी नळ्या, नवे टाकले, झाकण नवं, बेल्ट नवा. मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली, कारण पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येत होता (ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सील गेलं की तिथून कळावं म्हणून, ते एमसील लावून बुजवू नका, मी बुजवलेलं पाहिलंय). एवढं झाल्यावर गाडी गावात, हायवेला ठणठणीत. आणि घाटात परत तेच.

मग सुरू झाले सल्ले. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाका. हा सल्ला महाराष्ट्रात कुठल्याही टपरीवर फुकट मिळतो आणि मला तो पटत नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदला, पण आधी बघा तरी तो अडकलाय का. मी तो घरी आणला, पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने मधोमध टांगला, तळाला टेकू दिला नाही, आणि बाजूला मल्टिमीटरची टेंपरेचरची वायर सोडली. ८२ ला त्याच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग ती रुंदावत गेली, पितळी बटण खाली सरकताना अक्षरशः डोळ्याला दिसत होतं, आणि ९४ ला पूर्ण उघडला. गॅस बंद केला तर तसाच हळूहळू मिटला. आई आणि मी दोघी ओट्यापाशी उभ्या राहून बघत होतो, आणि आई म्हणाली, "चांगला आहे की हा, कशाला टाकतेस." तो परत बसवला. काढून टाकला असता तर थंडीत इंजिन कधीच नीट तापलं नसतं, डिझेल जास्त प्यालं असतं, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडमार्ग बंद करतो तिथे तर तो काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालूनच फिरत राहतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

दुसरा सल्ला एका मोठ्या गॅरेजचा, हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सील, गेलंय, हेड उतरवावं लागेल, फेस मारावा (घासून सपाट करावा) लागेल, अठरा-वीस हजार धरा. गॅस्केटची भीती खरी असते, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण गॅस्केट गेलं की खुणा दिसतात. थंड गाडीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं की पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात, थांबतच नाहीत. थंड गाडी चालू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, पाणी अजून कोमट झालेलं नसताना, कारण सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो. पाणी दर आठवड्याला कमी होतं आणि कुठे सांडलेलं दिसत नाही. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर येतो. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं. महिनाभर पाण्याची पातळी खडूने खूण करून बघितली, बोटभरसुद्धा हलली नाही. मग हेड का उतरवायचं, याचं उत्तर मला कोणी दिलं नाही, म्हणून मी गाडी तिथून घेऊन आले.

काट्यावरही मी संशय घेतला होता. जुन्या गाड्यांचा काटा खोटं बोलू शकतो. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर हेडलाइट लावला की काटा वर जातो, लाइट बंद की खाली, आणि माणूस रात्रभर विनाकारण घाबरत राहतो. याच्या उलटं जे होतं ते जास्त भयंकर आहे आणि हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो, तो पाण्याचं तापमान मोजणारा, कोरड्या हवेत तो नीट मोजत नाही, म्हणून लालला गेलेला काटा अचानक खाली येतो. माणसाला वाटतं सुटलो, आणि तो पाय दाबून पुढे जातो, आणि पुढच्या दहा मिनिटांत इंजिन जाम होतं. चढ तसाच चालू असताना काटा आपोआप झरकन खाली आला तर थांबा. माझा काटा मी इन्फ्रारेडच्या गनने पडताळून बघितला (कोरोनात कपाळावर धरायचे ती नाही, ती एवढ्या वर जातच नाही, गॅरेजवाली वेगळी मिळते), थर्मोस्टॅटच्या घरावर नेम धरून. काटा खरं बोलत होता.

आणि हे सगळं करून झाल्यावर मला उमगलं की मी वर्षभर चुकीचा प्रश्न विचारतेय. कुठला पार्ट गेला, कुठला पार्ट गेला, हेच. गाडी कधी तापते हे मी नीट लिहूनच ठेवलं नव्हतं. मग वही केली. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते का, नाही. म्हणजे पंखा ठीक, कारण हवेचा दोष असेल तर तो आधी तिथेच दिसतो. नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत पंख्याला सिलिकॉन ऑइलचा क्लच असतो आणि तो ढिला पडला की गाडी नेमकी हळू चढाला तापते, पण आमचा पंखा सरळ बेल्टवर, त्यात बिघडायला काही नाही. रेडिएटरच्या जाळीत माती अडकलीय का, नाही, इंजिनाच्या बाजूने पाणी मारून धुतलेली, आरपार उजेड दिसतो. हायवेला ऐंशीने, जरा. हे "जरा" मी आधी कधी लक्षात घेतलं नव्हतं. ब्रेक धरतात का, नाही, घाट चढून आल्यावर चाकं हाताला गार.

मग शेवटची ओळ. चढाला, दुसऱ्या गिअरला, जास्त.

या ओळीवरून अण्णांचं आणि माझं वाजलं. त्यांचा आयुष्यभराचा नियम, चढाला इंजिन ओढायला लावायचं नाही, गिअर खाली घ्यायचा, मोकळं पळू द्यायचं. आणि नियम शंभर टक्के बरोबर आहे. पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या बेल्टवर, इंजिन जोरात फिरलं की पाणी जास्त फिरतं, हवा जास्त ओढली जाते, आणि प्रत्येक फेऱ्याला डिझेल कमी लागतं. वरच्या गिअरमध्ये गुदमरत चढवली की प्रत्येक फेऱ्याला डिझेल भरमसाट आणि पंप रेंगाळत, मग तापणारच. पण आमच्या जीपला दुसरा टाकला की काटा लवकर चढत होता, आणि तिसऱ्यात रेंगाळली की उशिरा. मी तसं म्हटलं तर अण्णा म्हणाले, "असं होत नसतं." मी वही दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, परत दिली, आणि संध्याकाळभर काही बोलले नाहीत. मला वाईट वाटलं. त्यांचा नियम खोटा ठरवायचा नव्हता मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "चल, पसरणी चढू. मी चालवतो, तू ती बंदूक घे."

वाईहून निघालो. पसरणी घाटात दुसरा गिअर, रेस चांगली, काटा लालला टेकला तसं त्यांनी गाडी थांबवली आणि मी उडी मारून बॉनेट उघडलं. रेडिएटरची वरची टाकी ९८, खालची ५४. मी परत मोजलं, तेच. हा फरक खूप बोलका असतो. दोन्हीकडे सारखंच गरम असतं तर हवा कमी पडतेय असा अर्थ. इथे रेडिएटर आपलं काम चोख करत होता, खाली आलेलं पाणी चांगलं गार होत होतं, इतकं गार की ते तिथे बराच वेळ पडून राहत असणार. गार पाणी इंजिनाकडे परत पोचतच नव्हतं.

अण्णांना सांगितलं तर ते सीटवरूनच म्हणाले, "तू तिथेच थांब, हात लांब ठेव, पंख्यापासून ओढणी सांभाळ." आणि त्यांनी गाडी न्यूट्रल ठेवून ॲक्सिलरेटर दाबला, हळूहळू, मग बराच.

मी टॉर्च खालच्या होजवर धरला होता. आयडलला, म्हणजे रेस न देता, तो गोल, टम्म. रेस वाढली तसा त्याचा मधला वाकडा भाग आत बसायला लागला, आधी एक खळगा, मग दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या, चोखून टाकलेल्या रायवळ आंब्याच्या सालीसारखा पार चपटा. अण्णांनी पाय उचलला आणि तो फुस्सकन परत गोल झाला. परत दाबला, परत चपटा. मी इतक्या जोरात "अण्णा!" ओरडले की मागून येणारी एक बाइक थांबली.

खालचा होज म्हणजे पंपाची ओढून घेणारी बाजू. तिथे दाब नसतो, उलट ओढ असते, स्ट्रॉने जाड उसाचा रस ओढताना स्ट्रॉ आत बसते तसं. म्हणून पुष्कळ गाड्यांत खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असते. आमच्या जुन्या होजमध्ये ती होती, रॉडिंगच्या वेळी गंजलेली म्हणून फेकली गेली, आणि दुकानातून आणलेला नवा होज मऊ रबराचा, बिनस्प्रिंगचा. थंड असताना तो ताठ राहायचा. तापला की लुळा पडायचा, आणि तेव्हा रेस दिली की बसायचा. गाडी थांबवली, आयडलला आली, की लगेच गोल. म्हणजे गॅरेजच्या सावलीत थंड गाडी उभी करून कोणी कितीही बघितलं असतं तरी तो दोष दिसलाच नसता. आणि दुसऱ्या गिअरमध्ये पंप जास्त जोरात ओढायचा, म्हणून पाणी जास्त फिरण्याऐवजी बंदच व्हायचं. अण्णांचा नियम बरोबर होता, पाण्याची वाट बंद होती.

आमच्या मिस्त्रींना दाखवलं तेव्हा त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली, "ताई, नुसता पाईप बदलून निवांत राहू नका. रेडिएटर आतून चोंदला असला तरी चांगला पाईपसुद्धा बसतो, वरून पाणीच येत नाही म्हणून." आमचं रॉडिंग झालेलं होतं, तरी त्यांनी बादली लावून खालून पाणी सोडून बघितलं, मोकळी धार आली. आणि वरचा होज बसलेला दिसला तर? ती गोष्ट निराळी. तो गाडी गार झाल्यावर बसतो आणि दोष झाकणाचा असतो. झाकणात खाली एक छोटी बशीसारखी झडप असते, गार होताना ती उघडून बाजूच्या बाटलीत गेलेलं जास्तीचं पाणी परत आत येऊ देते, ती अडकली की आत पोकळी होते.

झाकणाला लोक फार हलकं समजतात. महाबळेश्वरला साधं पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, तिथे डाळ शिजायला वेळ लागतो तो त्यामुळेच. झाकणाने अर्धा बार दाब धरला तर उकळायचं तापमान त्याहून बारा-तेरा अंशांनी वर जातं आणि कूलंट मिसळलं की आणखी थोडं. झाकणाचं रबर चिरलं की हे सगळं गेलं, आणि वर चढाल तसं पाणी आणखी लवकर उकळणार. स्प्रिंग तपासून, आपल्या गाडीला जेवढ्या दाबाचं सांगितलंय तेवढ्याचंच घ्या, जास्त दाबाचं घालून जुना रेडिएटर फोडू नका. आणि कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळा. बोअरचं नको, नळाचंही नको. तो पांढरा थर मी डोळ्यांनी बघितलाय.

नवा होज जाड, आत कापडाचा थर असलेला, आणि स्टेनलेसची स्प्रिंग मिस्त्रींनी मापाने कापून दिली. सगळं मिळून बाराशे रुपयांच्या आत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, परत पोलादपूरला गेलो, मुद्दाम. येताना अण्णा चालवत होते. आंबेनळीच्या चढाला त्यांनी दुसरा टाकला, इंजिन मोकळं पळायला लागलं, काटा मधोमध, जरासाही हलला नाही. प्रतापगडचा फाटा गेला, वाडा-कुंभरोशी गेलं, मेटतळ्याचा चढ लागला. त्यांच्या तरुणपणी गाड्या तापायच्या तेव्हा चढाच्या मध्यावर एका झऱ्यापाशी थांबून डबा भरून घ्यायचे म्हणे सगळे ड्रायव्हर, ती जागा त्यांनी बरोबर ओळखली आणि गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, "अण्णा, काय झालं? काटा तर ठीक आहे."

"काही नाही," म्हणाले, "बघतो." उतरले, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, "रेस दे." मी दिली. ते वाकून, पंख्यापासून हात लांब ठेवून, टॉर्च धरून बघत राहिले, बराच वेळ. मग हात वर करून पुरे अशी खूण केली.